सहा फुटांचा समुद्र

प्रकाशा,
ता. १२ नोव्हेंबर २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात कुणी गेलेलं नाही, मीही अजून आहे. पत्र लिहिते, कारण फोन उरलेला नाही. भाऊबीजेला तुझ्याशी बोलताना मी जरा मोठ्यानं हसले, ते ह्यांना खपलं नाही. घरातलं काय काय सांगत होतीस असं विचारत ह्यांनी तो अंगणातल्या फरशीवर आपटला आणि वर बुटाची टाच फिरवली. मग माझी पाळी. डाव्या कानात अजून पाणी गेल्यासारखं वाटतं, बाकी ठीक. उत्तर मात्र घरच्या पत्त्यावर टाकू नकोस. समोर शांतीबाई ब्लाउज शिवते, तिच्या नावानं टाक. माप द्यायच्या निमित्तानं माझी तिथे फेरी असतेच, आणि तिला वाचता येत असूनही ती दुसऱ्याचं वाचत नाही.

आता खरं काम. दिवाळीआधी हे सुरतेला एका कापूस व्यापाऱ्याकडे गेले होते. त्याच्या दिवाणखान्यात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी पाहून आले आणि तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही. आपल्याही हॉलमध्ये सहा फुटांची टाकी आली आहे. टीव्ही कोपऱ्यात गेला, देवांच्या तसबिरी जिन्याखाली गेल्या. सासूबाईंनी दबकत विचारलं, की दारमा तापी शे, मंग समुद्र कसाले जोयजे. दारात तापी नदी असताना समुद्र कशाला हवा, एवढंच. पण त्यांना त्यांचा मुलगा उत्तर देत नाही, नुसता बघतो, आणि त्या पदर सारखा करून स्वयंपाकघरात येतात.

ह्यांचं म्हणणं, मेव्हणा वापीला नोकरीला आहे, दमणचा समुद्र त्याच्या उशाशी आहे, तर दुकानातून काय म्हणून आणायचं. समुद्राचं पाणी हवं, वाळू हवी, जिवंत किडेमकोडे चिकटलेले दगड हवेत, खेकडे, शंख, जे सापडेल ते हवं. दादा, पाठव. टाळाटाळ करू नकोस. टाकीत काही नवीन आलं, की हे समोर खुर्ची टाकून बसतात आणि तेवढे दिवस मला हात लागत नाही. नुसती वाळू आली होती तरी माझा एक आठवडा सुखात गेला. तू जितकं पाठवशील तितके माझे दिवस बरे जातील, हा सरळ हिशेब आहे.

आणि स्वतः येऊ नकोस. गेल्या वर्षी तू येऊन ह्यांच्या दोन थोबाडीत दिल्यास, गावात तुझं नाव झालं. तू शहाद्याच्या बसमध्ये बसेपर्यंत माझ्या चार झाल्या होत्या. शिवाय आपलं साटंलोटं. बापूंनी एकाच मांडवात मला इकडे दिली आणि ह्यांची बहीण तुझ्या घरी आणली. मी उठून माहेरी आले, की दुसऱ्या दिवशी हे संध्याला न्यायला तुझ्या दारात उभे राहतील. तिच्या पोटात तुझं मूल आहे. तेव्हा गप्प बस आणि खेकडे धर. तुला लहानपणी विहिरीतल्या कासवाचीसुद्धा भीती वाटायची, हे मी संध्याला सांगितलेलं नाही, एवढं लक्षात ठेव.

माहेरची माया पोस्टानं का होईना, येत राहू दे.

तुझी,
दीपमाला

---

वापी,
ता. २१ नोव्हेंबर २०२४

चि. दीपूस, अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र कारखान्याच्या फाटकावर उभ्या उभ्या वाचलं आणि त्या दिवशी मी तीन जणांवर विनाकारण ओरडलो. कान डॉक्टरला दाखव. पडदा फाटला असेल तर पुढे जन्मभर त्रास होतो. मी काय करू शकतो ते तू लिहिलंस, म्हणून तेच करतो आहे, पण मला ते पटलेलं नाही. आपल्या बहिणीला मार पडू नये म्हणून जावयाला खेळणी पाठवायची, हे ज्याला पटेल तो भाऊ कसला.

पौर्णिमेला ओहोटी लांबवर जाते, म्हणून शुक्रवारी रजा टाकून दमणला गेलो. खडक उघडे पडल्यावर पाहिलं, की एकेका डबक्यात केवढी गर्दी असते. शंखात बिऱ्हाड केलेले खेकडे, बोटभर मासे, हात लावला की आक्रसणारी समुद्रफुलं. वाटलं होतं शांत जागा असेल. पण तासभर उकिडवा बसून पाहिलं, तर सगळा एकमेकांना ओरबाडण्याचा उद्योग. एका खेकड्यानं दुसऱ्याला त्याच्या शंखातून खेचून काढलं, उघड्यावर त्याचे लचके तोडले आणि त्याच घरात आपण शिरला. पोवळ्याला हात लावला नाही, त्याला सरकारी बंदी आहे. बाकी वाळू चाळून, दगड ओल्या पोत्यात गुंडाळून आणि पाणी कॅनमध्ये भरून थर्माकोलच्या खोक्यांतून पाठवतो आहे. आपला लोटन ड्रायव्हर शहाद्याची बस चालवतो, तो प्रकाशाच्या फाट्यावर उतरवून देईल.

मेव्हण्याला एवढं सांग, की टाकीतलं पाणी उडून कमी झालं तर वरून खारं पाणी ओतायचं नाही. पाणी उडतं, मीठ तिथेच राहतं. गोडं पाणीच घालायचं, नाहीतर आठवड्यात सगळे मरतील. आणि ते मेले की काय होईल हे तू सांगायला नको.

वेळ आली, तर साट्यालोट्याचं मी बघून घेईन. तू नुसतं ये म्हण.

माया आटू देऊ नकोस, मी आहे.

तुझा दादा,
हेमकांत

ता. क. वहिनी, मी संध्या. ह्यांनी मला तुमचं पत्र वाचू दिलं नाही, पण तोंडावरून कळलंच. भाऊ लहानपणापासून असाच. एकदा माझ्या मांजरीनं त्याचं दूध सांडलं, तर त्यानं तिला पोत्यात घालून भिंतीवर आपटलं आणि मग दोन दिवस जेवला नाही. मन त्याचं मऊ आहे, हाताला अक्कल नाही. तो चिडला की समोर राहू नका, मागच्या दारानं निघून जात जा. मी तसंच करायचे. दमणच्या खडकावर हे घसरून चांगले कमरेवर पडले, तेवढं मात्र तुम्हाला सांगते, म्हणजे तुम्ही हसाल. तुमचीच नणंद आणि तुमचीच भावजय.

---

प्रकाशा,
ता. २० डिसेंबर २०२४

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

अक्षर तिरपं आलं तर समजून घे. कागद दाबून धरायला डावा हात नाही.

खोकी आली त्या दिवशी घरात लग्न असल्यासारखं वातावरण होतं. ह्यांनी सदरा काढला आणि खांद्यापर्यंत हात घालून स्वतः एकेक दगड रचला. टाकीला दुसऱ्या कुणी स्पर्श केलेला चालत नव्हता. सासूबाईंनी काच पुसली तरी ओरडा. हातात खेकडा घेऊन, त्याच्या नांग्या चिमटीत धरून मला त्याचं नाव विचारत होते, जशी मी समुद्रकाठी जन्मले. दोन आठवडे हे वेळेवर जेवले, वेळेवर केळीच्या बागेत गेले, माझ्याशी हळू आवाजात बोलले. मला खोटं बोलायचं नाही, त्या दिवसांत मला हे आवडायलासुद्धा लागले होते. आपल्या मनाचा असा राग येतो, की काय सांगू.

मग टाकीत खटखट वाजायला लागलं. काचेवर कुणी नखानं टिचक्या मारतंय तसं. सकाळी पाहावं तर एक मासा कमी, किंवा खेकड्याचं नुसतं टरफल आणि त्याला मधोमध भोक. सुरतेहून मुद्दाम आणलेली नारिंगी पट्ट्याच्या माशांची जोडी होती, ती फुटून तरंगत होती. तुझ्या एका दगडाच्या बिळात बोटभर लांब, कोळंबीसारखा प्राणी लपून आला होता. पुढे दोन गदा घेऊन बसलेला. जवळून कुणी गेलं, की असा तडाखा मारायचा, की डोळ्यांना हात हललेला दिसत नाही, समोरचा मात्र फुटलेला दिसतो. मी पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा मला काय वाटलं असेल ते तुला कळेल. ओळखीचा वाटला.

ह्यांनी बिळात हात घातला, तर त्यानं अंगठ्याचं नख फोडलं. रक्तानं पाणी गुलाबी झालं. तरी ह्यांनी तो दगड उपसून काढला, फरशीवर आपटून फोडला आणि पान्ह्यानं त्या किड्याचा लगदा केला. तेवढ्यावर राग उतरला असता तर बरं झालं असतं. तुझ्या भावानं मुद्दाम पाठवला, म्हणाले. मी म्हटलं, त्याला काय ठाऊक दगडात काय आहे. मी उलट बोलले ही माझी चूक, असं सासूबाई म्हणतात. ह्यांनी माझा हात टाकीच्या काठावर ठेवला आणि वरचं काचेचं जाड झाकण त्यावर आदळलं. दोन बोटं मोडली आहेत. शहाद्याला प्लॅस्टर घातलं, दवाखान्यात न्हाणीत पडले असं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं तेच लिहून घेतलं. परत येताना सासूबाई गाडीत सांगत होत्या, की मन्हा पोऱ्या तापट शे, पन मनना वाईट नही. मी खिडकीतून उसाच्या गाड्या मोजत बसले, कारण त्यांच्याकडे पाहिलं असतं तर मी त्यांना चावले असते.

तू लिहिलं होतंस, नुसतं ये म्हण. दादा, मला यायचं आहे. बापूंना विचार. पुढच्या वेळी हे काय मोडतील ह्याची मला आता खरीच भीती वाटते.

माझ्यावरचा जीव कमी करू नकोस, सध्या त्यावरच चाललं आहे.

तुझी,
दीपमाला

---

तळोदा,
ता. ३० डिसेंबर २०२४

चि. हेमकांत यास, चुडामणचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन झाल्यापासून मला अन्न गेलेलं नाही. फोनवर तू मला जे बोललास ते मुलानं बापाला बोलू नये, पण ते मी सोडून देतो. काही गोष्टी आवाज चढवून बोलल्यानं बिघडतात, म्हणून लिहितो.

दीपमाला माझी मुलगी आहे. तिची बोटं मोडली ती माझीच मोडली. पण साटंलोटं म्हणजे दोन बैलांची गाडी. एक जू सोडून उभा राहिला, की दुसऱ्याची मान मोडते. तू तिला आणलीस, तर जावई नवनीत त्याच दिवशी संध्याला उचलून नेईल. सातव्या महिन्याची बाई. पहिलं बाळंतपण तसंही माहेरी, म्हणजे फेब्रुवारीत ती त्याच घरात जाणार आहे. तुझं मूल त्याच्या ओसरीवर जन्मेल आणि तो ते तुला दाखवणार नाही. पोलिसात जाशील तरी हेच होईल. मूल हातात येईपर्यंत कळ काढ. पोरीलाही तसंच कळव. बायकांच्या जातीला थोडं सोसावं लागतं, तुझ्या आईनंही सोसलं.

नवनीत नसता, तर दोन्ही घरं सुखी होती. पण तो आहे, आणि आहे त्याला आपण काय करणार.

म्हाताऱ्यावर राग धरू नये आणि येणं-जाणं तोडू नये, एवढी विनंती.

तुझा बापू

---

वापी,
ता. ६ जानेवारी २०२५

चि. दीपूस, अनेक आशीर्वाद.

हे पत्र शांतीबाईकडेच वाच आणि तिच्याच शेगडीत टाक. घरी नेऊ नकोस.

बापूंनी नकार दिला. त्यांचं पत्र वाचून मी ते भिंतीवर फेकलं, पण त्यात एक वाक्य आहे, ते माझ्या डोक्यातून जात नाही. नवनीत नसता तर दोन्ही घरं सुखी होती. त्याला मी मारलं, तर मी तुरुंगात, संध्या उघड्यावर. तू पळालीस, तरी संध्या जाते. तो आपण होऊन गेला, तर मात्र कुणाचंच काही जात नाही. तुला साडी-चोळी, शेताचा वाटा, आणि संध्या माझ्याच घरी. मी तेव्हापासून दुसरा विचार केलेला नाही.

दमणच्या धक्क्यावर एका खलाशाशी ओळख झाली आहे. त्यांच्या जाळ्यात खोल पाण्यातून एक शंख आला. वीतभरही नाही, एका टोकाला निमुळता, अंगावर तपकिरी जाळीची नक्षी. इतका सुंदर, की मी हात पुढे केला, तर खलाशानं माझा हात झटकला. आत जी गोगलगाय असते, ती निमुळत्या तोंडातून सुईसारखा दात फेकते. मासा जागच्या जागी ताठ होतो. त्याचा काका असाच गेला म्हणाला. फार दुखतसुद्धा नाही. आधी ओठ बधिर होतात, मग जीभ जड होते, मग छाती हलायची थांबते. तो शंख मी मागून घेतला. घरी शोभेला ठेवतो असं सांगितलं.

चौदा तारखेला लोटनच्या बसनं तो येईल. संक्रांतीचं वाण म्हणून मेव्हण्याच्या नावानं पाठवतो आहे. नवनीत टाकीतलं सगळं स्वतः हाताळतो, दुसऱ्याला स्पर्श करू देत नाही, हे तूच लिहिलं आहेस. सुंदर वस्तू पाहून तो ती उचलल्याशिवाय राहणार नाही. तू फक्त लांब राहायचं. खोकं उघडायचं नाही, पिशवी धरायची नाही, टाकीच्या पाण्यात बोटसुद्धा बुडवायचं नाही. बाकी तुला काही करायचं नाही, काही बोलायचं नाही. जे होईल ते माझ्या डोक्यावर.

संध्याला काही माहीत नाही. तो तिचा सख्खा भाऊ. रोज तिच्या हातचं जेवताना घास फिरतो, पण तुझी बोटं आठवली की खाली उतरतो.

मी वाईट माणूस झालो असं वाटलं, तरी मला आपला म्हण.

तुझा दादा,
हेमकांत

---

वापी,
ता. २२ जानेवारी २०२५

चि. दीपूस, आशीर्वाद.

गेल्या आठवड्यात सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी आंघोळीला गेलो होतो. बाहेर आलो, तर संध्या जमिनीवर बसून रडत होती. नवनीत नंदुरबारला दवाखान्यात आहे, श्वासाच्या मशीनवर आहे, केळीत मण्यार चावली, असं ती म्हणाली. मी ओल्या अंगानंच तिच्याशेजारी खाली बसलो. तिला वाटलं मेव्हण्याच्या काळजीनं बसलो. ती माझ्या गळ्यात पडली आणि मला म्हणाली, की माझा भाऊ वाचला पाहिजे, तुम्ही देवाला काहीतरी बोला. मी बोललो. काय बोललो ते मला ठाऊक नाही.

तिला बापूंबरोबर पाठवलं, मी सुट्टी नाही असं सांगून इथेच राहिलो. त्याच्या खाटेजवळ उभं राहायची माझी हिंमत नाही. मण्यार कुठून आली? डॉक्टर काय म्हणाले? कुणाला संशय आहे का? मला सगळ्यात जास्त भीती ही, की त्या पाण्यात तुझा हात गेला का. संध्या सांगते, वहिनी ठीक आहेत, पण त्या रडत नाहीत. तू रडत का नाहीस?

मला वाटलं होतं, बातमी आली की सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. जेवताना समोर संध्याची रिकामी जागा दिसते आणि मी ताट सारून उठतो. मी हे तुझ्यासाठी केलं, हे मी रोज स्वतःला सांगतो. तू एकदा सांग.

एक ओळ तरी टाक. रागानं टाकलीस तरी चालेल.

तुझा दादा

---

प्रकाशा,
ता. ५ मार्च २०२५

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, कारण काय लिहावं ते मलाच कळत नव्हतं. नवनीतनं मला नवा फोन आणून दिला आहे, माझ्या हातात दिला, वर काही बोलला नाही. पण हे फोनवर सांगण्यासारखं नाही. हेही पत्र जाळ.

तुला एक गोष्ट माहीत नव्हती. त्या किड्यानं फोडलेला अंगठा पिकला, ताप आला, आणि तेव्हापासून नवनीतनं टाकीत हात घातला नव्हता. त्याला भीती बसली होती. ती कुणाला दिसू नये म्हणून त्यानं ते काम मला नेमून दिलं. डावी बोटं प्लॅस्टरमध्ये, तेव्हा उजव्या हातानं. तुझं पत्र आलं त्या दिवसापर्यंत मी रोज त्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालत होते. तू लिहितोस, लांब राहा. शांतीबाईच्या शेगडीसमोर बसून मी ते वाचलं आणि मला हसू आलं. तू माझ्यासाठी माणूस मारायला निघालास, दादा, आणि हात माझा लावलास.

वाण आलं. तो खुर्चीत बसून म्हणाला, सोड आत. मी झाऱ्यावर घेऊन सोडलं. दोन दिवस ते वाळूत दडून होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर बाहेर आलं, एका माशाच्या अंगावर सुई टाकली, तो ताठ झाला आणि ह्यानं पिशवीसारखं तोंड पसरून त्याला अख्खा आत घेतला. नवनीत लहान मुलासारखा टाळ्या पिटत होता. त्याला सुरतेच्या त्या व्यापाऱ्याला फोटो पाठवायचा होता, शंख तळहातावर घेऊन. काढ बाहेर आणि दे, म्हणाला. मी उभीच राहिले, तर त्यानं जाळीचा लोखंडी दांडा उचलला.

त्या क्षणी मी त्याला सांगू शकले असते. घाबरून विसरले, असं काही नाही. मला सगळं आठवत होतं आणि मी सांगितलं नाही. हात घातला, शंख रुंद बाजूनं धरला आणि निमुळतं टोक त्याच्या बाजूला येईल असा त्याच्या तळहातावर ठेवला. तू लिहिलं होतंस, तू काही करायचं नाही. मी केलं.

टाचणी टोचल्यासारखा त्यानं हात झटकला, शंख खाली पडला आणि त्याच हातानं त्यानं माझ्या कानशिलात मारली. नीट धरायला येत नाही का, म्हणून. ती शेवटची. थोड्या वेळानं तो ओठ चोळायला लागला. मग जिभेवर शब्द अडकायला लागले. सासूबाईंना वाटलं, प्यायला आहे, त्या आत निघून गेल्या. मी त्याच्या खुर्चीसमोर स्टूल ओढून बसले आणि पाहत राहिले. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटत होतं. इतकं बरं मला लग्नानंतर वाटलेलं नव्हतं. त्याचा हात मांडीवर पडला होता. त्याला तो उचलायचा होता आणि उचलला जात नव्हता. मी जवळ जाऊन त्याचं एकेक बोट उघडलं आणि मिटलं.

मग त्याची छाती हळू झाली आणि मला संध्या दिसली. ती जन्मभर ह्याच भावासाठी रडेल, तुझ्यासमोर बसून, आणि तू तिच्या ताटात वाढलेलं खाशील. तुझं घर असं नासवून मला इथे पांढरं कपाळ घेऊन सुखानं राहायचं नव्हतं. मी अंगणात धावले, मण्यार चावली असं ओरडले. तो सकाळी केळीतूनच आला होता, कुणाला शंका येण्याचं कारण नव्हतं. पिकअपमध्ये घातला. वाटेत दोनदा त्याचा श्वास थांबला. कॉलेजच्या शिबिरात शिकवलं होतं तसं मी नाक दाबून त्याच्या तोंडात फुंकत राहिले. नंदुरबार येईपर्यंत त्याच्या छातीत माझाच श्वास येत-जात होता. डॉक्टरांनी सापाचीच औषधं दिली आणि मशीन लावलं. वाचला तो मशीननं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, की पेशंटशी बोलत राहा, ह्याला सगळं ऐकू येतं, फक्त हलता येत नाही. सगळे बोलले. संध्या रडली, सासूबाईंनी नवस बोलला. माझी पाळी आली तेव्हा मी सगळ्यांना चहाला पाठवलं आणि त्याच्या कानाशी वाकले. साप नव्हता, म्हटलं. शंख कोणता होता, मला काय माहीत होतं, टोक कुणी कुठल्या बाजूला धरलं, सगळं सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. मारलं मी आणि श्वास दिला मी, असं सांगितलं. पुन्हा घरात कुणावर हात उठला, तर ह्यातलं पहिलंच करीन, दुसरं करणार नाही, असंही सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. नर्सनं ते पाहिलं आणि म्हणाली, बायकोचा आवाज ओळखला.

शंख मी घरी येऊन सांडशीनं उचलला आणि ओसरीच्या पायरीवर वरवंट्यानं चेचला. आम्ही दवाखान्यात असताना टाकीत सगळं मेलं होतं. घरभर घाण सुटली होती. सासूबाईंनी ते पाणी कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं, त्यामुळे कढीपत्ताही गेला. रिकामी टाकी माळ्यावर आहे.

तू विचारलंस, एकदा सांग. तू माझ्यासाठी केलंस, हे खरं. मी तुझ्यावर संतापले आहे, हेही खरं. तू बारशाला ये आणि नवनीतच्या पंगतीला बस. तो तुझ्याशी नीट बोलेल. तो आता सगळ्यांशीच नीट बोलतो. मला रात्री झोप लागते, कुणाच्या पावलांचा कानोसा घ्यावा लागत नाही. ज्यासाठी एवढं केलं ते मिळालं. पण कधी तो दारातून आत येतो आणि मला पाहून क्षणभर थबकतो. ते थबकणं मी पुरतं ओळखते, इतकी वर्षं ते माझं होतं. ते बघायला मला आवडतं, आणि आवडतं ह्याची मला भीती वाटते.

संध्या बाळंतपणासाठी आली आहे, तब्येत उत्तम. काल रात्री आम्ही सगळे जेवायला बसलो होतो. ताटं वाढून झाली तरी नवनीत हात मांडीवर ठेवून बसला. मी माझ्या ताटातल्या वरणात भाकरी कुस्करली, घास घेतला, चावला, गिळला. मग त्यानं भाकरी मोडली. भाजीचं तसंच, पाण्याचं तसंच. संध्याच्या ते लक्षात आलं आणि ती हसायलाच लागली. म्हणाली, की वहिनी, आजारपणानं माझा भाऊ पार बदलला, तुम्ही जेवल्याशिवाय घास घेत नाही, एवढा जीव तुमच्यावर कधी नव्हता. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मीही हसले आणि ताकाची वाटी तोंडाला लावायला मुद्दाम वेळ लावला.

माझी ही माया आता जशी आहे तशी पत्करावी, बरी वाईट निवडत बसू नये.

तुझी,
दीपमाला